कंबरदुखी खरी, सवयही खरी: दारू आणि गोळी अंगात असताना दुखण्यावर उपचार कसे करायचे

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न, थोडक्यात असा. यजमान ४४ वर्षांचे, बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगच्या कामाला. चार वर्षांपूर्वी मणक्याची गादी सरकली, तेव्हापासून कंबर दुखते आणि कळ डाव्या पायात उतरते. रोज संध्याकाळी एक क्वार्टर लागते. दीड वर्षापासून ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी चालू आहे, आधी दिवसाला दोन, आता आठ. डॉक्टरांनी ‘तुम्हाला गोळीचं व्यसन लागलंय’ म्हणून चिठ्ठी देणं बंद केलं. आता काही गोळ्या सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूने येतात, काही इकडच्या दुकानातून. पुढच्या महिन्यात मिरजेला हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. सासूबाई म्हणतात सगळं एकदम बंद करा, नाटक आहे. काय करावं?

ताई, नाटक नाही. दुखणं खरं आहे आणि सवयही खरी आहे. एकाच माणसात दोन्ही असतात तेव्हा बहुतेक जण त्यातलं एकच बघतात. कुणी दुखण्याकडे बघून स्ट्रिपवर स्ट्रिप देतो, कुणी व्यसनाकडे बघून दार लावतो. दोन्हीने माणूस बिघडतो. दुखणं तसंच ठेवलं तर तो दारूकडे परत जातो, आणि दारू-गोळी तशीच ठेवली तर दुखणं कमी होत नाही. उपचार दोन्हींचे एकाच वेळी आणि एकाच डॉक्टरांच्या हाताखाली व्हायला हवेत.

आणि एकदम बंद करू नका. ना दारू, ना गोळी. हे सासूबाईंनाही समजावून सांगा. जिवाशी गाठ असते ती नेमकी इथेच.

आधी हिशेब मांडू. या गोळीत साधारणपणे ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, स्ट्रिपच्या मागे बघून खात्री करा. आठ गोळ्या म्हणजे ३०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि २,६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे, म्हणून लोकांना वाटतं अजून वाव आहे. पण ती मर्यादा दारू न पिणाऱ्याची. पॅरासिटामॉलचंही तेच. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत चालतं, रोज पिणाऱ्याला २ ग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. यजमान ती रेघ कधीच ओलांडून गेलेत आणि यकृत मुकाट्याने सोसतंय. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे रोज सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. तेव्हा पहिल्याच भेटीत यकृताची तपासणी, क्रिएटिनिन (म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी), साखर आणि हिमोग्लोबिन करून घ्या. पुढे कोणती गोळी चालेल आणि कोणती नाही, हे याच रिपोर्टवर ठरतं.

ट्रॅमाडॉल आणि दारू एकत्र आली की दोन धोके असतात. एक, दोन्हीही श्वास मंदावतात. दुसरा धोका आकडीचा, म्हणजे फिटचा. ट्रॅमाडॉलने फिट येण्याची शक्यता वाढते, आणि दारू अचानक तोडली तरी फिट येते. आठ गोळ्या चालू ठेवून दारू एका दिवसात सोडली तर हे दोन्ही एकावर एक चढतात.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगतो. पहाटे चार-पाचला यजमानांचं अंग मोडून येतं का? जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय स्वस्थ न राहणं? आणि गोळी घेतल्यावर तासाभरात सगळं शांत? तर ती कंबरदुखी नाही. रात्रीच्या गोळीचा असर संपल्यावर शरीर पुढची गोळी मागतंय. या साध्या ट्रॅमाडॉलचा असर पाच-सहा तासांचा, म्हणून प्रत्येक दोन डोसांच्या मधे छोटी ओढ लागते. माणूस तिला दुखणं समजतो आणि गोळी वाढवतो. शिवाय ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गातली औषधं फार दिवस घेतली की मज्जातंतू उलटे हळवे होतात, साधा स्पर्शही दुखायला लागतो. म्हणून दोनाच्या आठ झाल्या तरी आराम दोनाएवढाही राहिला नाही. गोळी कमी केल्यावर दुखणं वाढेल ही भीती खरी, पण वाढलेलं दुखणं पहिले काही आठवडेच असतं. पुढे बऱ्याच जणांचं दुखणं पूर्वीपेक्षा कमी होतं.

यासाठी एक वही करा. रोज तीन आकडे, शून्य ते दहा: आज दुखणं किती, दुखण्यामुळे मन किती उडालं, आणि कामात किती अडलं. सोबत गोळीची वेळ आणि दारूची वेळ लिहा. चौदा दिवस झाले की पानावर दिसतं की दुखणं वाकण्या-उचलण्याच्या मागे येतंय की घड्याळाच्या मागे. डॉक्टरांना ही वही एमआरआयइतकीच उपयोगी पडते. शून्यावर जायची अपेक्षा धरू नका. आकडा तिसऱ्या हिश्श्याने उतरला आणि यजमान गोठ्यापर्यंत न बसता गेले, तर उपचार लागू पडतोय.

क्रम असा: आधी दारू, मग गोळी, आणि दुखण्याचे बाकीचे उपाय पहिल्या दिवसापासून.

रोज पिणाऱ्याने दारू थांबवली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. फिट आली तर ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत. दोन ते चार दिवसांच्या मधे भ्रम होऊ शकतो, माणूस बडबडतो, नसलेलं दिसतं, ताप आणि बीपी चढतो. यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे पांडुरंगाची माळ घालून दारू सोडणारे खूप आहेत, आणि माळेचा आधार मोठा असतो, ती जरूर घालावी. फक्त माळ घालायच्या आधी दवाखाना गाठावा, म्हणजे पहिला आठवडा औषधांच्या आधाराने निघतो. यजमानांना तर दाखल करूनच दारू सोडवावी, कारण दारूच्या त्रासावर देतात ती झोपेच्या वर्गातली औषधं आणि ट्रॅमाडॉल एकत्र घरी देणं धोक्याचं. पाच ते सात दिवस पुरतात. बेळगावला जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे, आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, दोन्ही फुकट.

दाखल झाल्यावर एक गोष्ट तुम्ही स्वतः विचारा: ‘थायमिन दिलं का?’ पिणाऱ्या माणसात बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असतं. अशक्तपणा आहे म्हणून नातेवाईक ‘ग्लुकोज चढवा’ म्हणतात, आणि थायमिनच्या आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग सलाईन. गावातल्या दवाखान्यातही हेच सांगा.

दारू सुटल्यावर ती परत लागू नये म्हणून गोळ्या देतात, त्यातल्या दोन यजमानांसाठी सांभाळून वापराव्या लागतील. नाल्ट्रेक्सोन ट्रॅमाडॉलसारख्या औषधांचा रस्ताच अडवते. ट्रॅमाडॉल अंगात असताना ती दिली तर तासाभरात उलट्या, जुलाब, तडफड सुरू होते. आधी सात ते दहा दिवस ट्रॅमाडॉल पूर्ण बंद असायला हवं, म्हणजे सध्या यजमानांना ती नाहीच. डॉक्टरांना गोळ्यांचा खरा आकडा सांगायचं हे एक मोठं कारण. दुसरी डायसल्फिरम. ही घेऊन दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतो. काही घरांत ही पूड गुपचूप चहात किंवा आमटीत घालतात. कृपा करून तसं करू नका, माणूस दगावू शकतो. आणि कंबरेसाठी दशमूलारिष्ट चालू असेल तर ते डायसल्फिरमबरोबर चालत नाही, कारण आसव-अरिष्टांत आंबवण्यातूनच थोडं अल्कोहोल तयार होतं.

आता गोळी उतरवणं. ठरलेल्या वेळी घ्यायची, दुखल्यावर नाही: दर सहा तासांनी दोन. तेवढ्यानेच दिवसभराचे चढउतार बरेच शांत होतात. मग दर दोन आठवड्यांनी एक गोळी कमी. लोक चुकतात ते शेवटाकडे. आठावरून सात म्हणजे आठवा हिस्सा गेला, पण दोनावरून एक म्हणजे निम्मं गेलं. शरीर हिस्सा मोजतं, गोळ्या मोजत नाही. म्हणून चारवर आल्यावर दर दोन आठवड्यांनी अर्धीच गोळी कमी करायची आणि शेवटच्या दोन गोळ्यांना लागलं तर प्रत्येक पायरीला तीन-चार आठवडे द्यायचे. एकूण सहा महिने धरा. एखाद्या पायरीवर अडले तर तिथेच थांबा, वर मात्र चढू नका. गोळी ‘एसआर’ लिहिलेली, म्हणजे हळूहळू सुटणारी असेल तर ती मोडायची नाही, मोडली की सगळा डोस एकदम अंगात जातो. पॅरासिटामॉलचं ओझं उतरवण्यासाठी डॉक्टर साधं ट्रॅमाडॉल वेगळं लिहून देऊ शकतात, तसं विचारा.

काहींना हा उतार जमतच नाही. मग ब्युप्रेनॉर्फिन हा चांगला रस्ता आहे, तो मानसोपचारतज्ज्ञ देतात. ती जिभेखाली ठेवायची गोळी. ओढ एका डोसने दिवसभर थांबते, पण दुखण्यावरचा असर सहा-आठ तासच टिकतो. म्हणून दुखणं असलेल्या माणसाला दिवसाचा डोस तीन भागांत वाटून द्यावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘या गोळीने दुखणं थांबत नाही’ म्हणून लोक ती सोडतात. सुरुवात करताना शेवटच्या ट्रॅमाडॉलला किमान बारा तास उलटून ओढीची लक्षणं दिसायला हवीत, नाहीतर पहिलाच डोस त्रास देतो.

मग दुखण्यावर काय? आधी धोक्याची चिन्हं तपासा: ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा. शेवटच्या तिन्हींपैकी एक जरी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. ताप आणि घटलेलं वजन असेल तर कण्याचा टीबी बघावाच. पिणाऱ्या आणि कमी जेवणाऱ्या माणसात तो लपून बसतो आणि ‘हा गोळ्यांसाठी कण्हतोय’ म्हणून राहून जातो.

दुखण्याची जात सांगता आली पाहिजे, कारण औषध त्यावरच बदलतं. इथे आपल्या सीमाभागाची एक अडचण आहे. घरी आपण कळ, चमक, ठणका, जळजळ, मुंग्या असे वेगवेगळे शब्द वापरतो, आणि कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे सगळ्याचं एक ‘नोवु’ होतं. तसं करू नका. जळजळीला ‘उरि’ म्हणा, मुंग्या-बधिरपणाला ‘जोमु’. जळजळ, मुंग्या आणि पायात उतरणारी कळ म्हणजे नसेचं दुखणं. तळपाय दोन्हीकडे सारखे जळत असतील तर ते कंबरेचं नसून दारूने किंवा साखरेने खराब झालेल्या नसांचंही असू शकतं. त्यावर कंबरेच्या कितीही गोळ्या घेऊन उपयोग नाही.

नसेच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिन झोपेच्या दोन तास आधी १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. झोपही लागते, सवय लागत नाही, आणि असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. पण ट्रॅमाडॉलबरोबर ती फिटचा धोका आणखी वाढवते, म्हणून कधी आणि किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि हिचा साठा घरात मोकळा ठेवू नये, एकदम जास्त घेतली तर हृदय बंद पडू शकतं. ड्युलोक्सेटिन पाठदुखीला चांगली, पण दारू चालू असताना किंवा यकृत बिघडलेलं असताना नाही. प्रीगाबालिन आजकाल सर्रास लिहितात. यजमानांसारख्या माणसाला ती शेवटी ठेवावी, कारण तिचीही चटक लागते आणि ट्रॅमाडॉल-दारूबरोबर ती श्वास मंदावते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सात-दहा दिवस, जेवल्यावर, आणि दारूबरोबर कधीच नाही. पोटातून रक्त जातं, मूत्रपिंड बसतं. त्यापेक्षा डायक्लोफिनॅकचं जेल चोळणं कितीतरी सुरक्षित.

पुड्यांबद्दल सांगायलाच हवं. बाजारात किंवा जत्रेत मिळणाऱ्या सांधे-कंबरेच्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, चेहरा सुजून गोल झाला, भूक वाढली, तर त्यात स्टिरॉइड मिसळल्याचा संशय धरावा. महिनोन्महिने घेतली असेल तर ती अचानक तोडू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा. आणि ‘एक सुई मारा’ हा हट्टही सोडा. पेंटाझोसिनसारखी इंजेक्शनं वारंवार घेतली की दंड-मांडीचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, जखमा भरत नाहीत, चटक तर लागतेच.

हालचालीचं औषध कुणी मनावर घेत नाही, पण गादी सरकलेल्या कंबरेला झोपून राहण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवत. शेक पंधरा-वीस मिनिटं, शेकाची पिशवी घेऊन झोपायचं नाही, बधिर पाय भाजतो. मुख्य म्हणजे मोजून काम. बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, ही चूक फौंड्रीवाला करतो, हंगामात ऊस तोडणाराही करतो, आणि पुढच्या दिवसाला उभं राहण्यासाठी गोळी घेतो. चांगल्या दिवशीही ठरलेलंच काम करायचं. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं पाठ सरळ. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायांची मान आणि वडगावच्या मागावर बसणाऱ्यांची कंबर यांनाही हाच नियम. तंबाखूचंही बघा. धूम्रपानाने गादीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि पाठदुखी जास्त दिवस टिकते.

आता सीमेचा प्रश्न. एक डॉक्टर बेळगावात, एक चंदगडला किंवा गडहिंग्लजला, ऑपरेशन मिरजेला, आणि कुणालाच दुसऱ्याचं माहीत नाही. यात कुणाची फसवाफसवी नसते, आपलं जाणं-येणंच तसं आहे. पण गोळ्या अशाच वाढतात. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या एच-१ यादीत असल्यामुळे दुकानदाराला चिठ्ठी आणि नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. म्हणून एकच डॉक्टर, एकच दुकान, एकच फाईल. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा: ‘गोळ्या आठ होतात, दारू रोज आहे, कमी करायच्या आहेत, आठवड्याचीच द्या.’ जो डॉक्टर याआधी चिठ्ठी नाकारत होता, त्याचंही मन या वाक्याने वळू शकतं. गोळ्यांचा डबा कुलपात, किल्ली तुमच्याकडे किंवा थोरल्या दिरांकडे, आणि दिवसाच्या गोळ्या सकाळी मोजून द्यायच्या. हे यजमानांना विचारून, त्यांच्या संमतीने ठरवा. लपवाछपवी सुरू झाली की ते दुसरं दुकान शोधतील. मधे एखादा दिवस घसरले, प्यायले, तर उपचार बंद करायचे नाहीत. डॉक्टरांना कळवायचं आणि भेटी जवळ आणायच्या.

रात्री घोरण्याचा आवाज विचित्र, श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी, हलवूनही जाग नाही, ओठ निळसर, तर उशी काढून कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. फिट आली तरी कुशीवरच, तोंडात काही घालू नका.

शेवटी ऑपरेशन. ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठ होतं, कुंथल्याने हर्निया वाढतो, तेव्हा पोट साफ राहण्याचं औषध आतापासून मागून घ्या. नुसत्या इसबगोलावर राहू नका, पाणी कमी पडलं तर तेच घट्ट बसतं. हर्निया आत जात असेल आणि उलट्या, सतत कळ नसेल, तर तारीख पुढे ढकलता येते का विचारा. दारू आणि तंबाखू किमान चार आठवडे बंद झालेली असेल तर जखम चांगली भरते. ऑपरेशन जवळ आलं म्हणून गोळ्या घाईने तोडू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना, फक्त सर्जनना नाही, तीन गोष्टी लिहून द्या: रोज ट्रॅमाडॉल किती, दारू शेवटची कधी, ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन चालू आहे का. ब्युप्रेनॉर्फिन असेल तर ती बंद करायची नाही. पुढे कधी नाल्ट्रेक्सोन सुरू झाली असेल तर ती तीन दिवस आधी थांबवावी लागते. अशा माणसाला ऑपरेशननंतर दुखण्याचं औषध इतरांपेक्षा जास्त लागतं, कमी नाही, आणि ते त्याला मिळालं पाहिजे. आणि दारू न सोडताच ऑपरेशन झालं, दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी ते असंबद्ध बोलायला लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाले, तर भुलीचा अंमल म्हणून किंवा बाहेरची बाधा म्हणून गप्प बसू नका. नर्सला तिथल्या तिथे सांगा: ‘हे रोज घेत होते, तीन दिवस बंद आहे.’